पहिली ते पाचवीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

रानशाळा (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. थोडं लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमची शाळा जांबोटीच्या पुढं, रानात. सरकारी मराठी शाळा, पहिली ते पाचवी, पट २३, शिक्षक आम्ही दोघं. पहिली ते तिसरीचा नलिकलीचा (तिन्ही इयत्ता एकत्र, खेळत शिकायचा) वर्ग माझ्याकडं, चौथी-पाचवी सरांकडं. गावातली पुण्याला नोकरीला असलेली पोरं मे महिन्यात जत्रेला आली होती, त्यांनी त्यांच्या ऑफिसातले चार जुने कॉम्प्युटर आणून दिले. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, अध्यक्षांनी नारळ फोडला, पेढे वाटले. चारपैकी दोन चालू आहेत. एकाचा डबा सुरूच होत नाही, दुसऱ्याचा पडदा जांभळा दिसतो.

आता जूनचा तिसरा आठवडा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. लाइट दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नाही, आणि गेली की कधी येईल याचाही नाही. दोन मशिनं, २३ मुलं, सगळ्यांची घरची भाषा मराठी. शाळेत दुसरी भाषा कन्नड, तिसरी इंग्रजी.

मागं एकदा एका संस्थेचे लोक येऊन एक दिवस शिकवून गेले होते. मुलांकडून इंग्रजीत पाठ करून घेतलं, कॉम्प्युटर इज ॲन इलेक्ट्रॉनिक मशीन. पोरांनी खड्या आवाजात म्हणून दाखवलं, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "बाई, मशीन म्हणजे भात कांडायची गिरणी न्हवं? मग ह्यात काय घालायचं?"

तो प्रश्न मनातून जात नाही. ह्यात घालायचं काय आणि बाहेर येतं काय, हेच तर शिकवायचं आहे. पण मी स्वतः मोबाइलपलीकडं फारसं काही शिकलेले नाही. सुरुवात कुठून करू? आणि कुठल्या भाषेत?

---

निपाणीची आई

बाई, आधी मोबाइलचं शिकवा. माझं ऐकून मग ठरवा.

माझा मुलगा दहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमात आहे. शाळेत दुसरीपासून कॉम्प्युटरचं वेगळं पुस्तक, वेगळी फी. माउसचे प्रकार त्याला तोंडपाठ आहेत. दिवाळीत सासूबाईंच्या फोनवर फोन आला, मी बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार आहे. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून फोन नातवाच्या हातात दिला. त्यानं मेसेज उघडला आणि सहा आकडे स्पष्ट, न चुकता वाचून दाखवले. घरात इंग्रजी वाचणारा तोच, त्यामुळं त्याला अभिमानच वाटला. सहा हजार रुपये गेले.

मी तासाभरात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लावून तक्रार नोंदवली. पण त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही. "आई, मी नीट वाचलं होतं गं," एवढंच म्हणत होता.

वाचता येणं आणि ते कुणाला वाचून दाखवायचं हे कळणं, दोन्ही वेगळं. त्याच मेसेजमध्ये खाली लिहिलेलं असतं की हा आकडा कुणालाही सांगू नका. शेवटपर्यंत वाचायची सवय त्याला कुणी लावलीच नव्हती, मीसुद्धा नाही. तुमच्या गावातही घरात फोन वाचून दाखवणारी माणसं म्हणजे हीच पोरं असणार.

---

कडोलीकर (सध्या बेंगळूर)

बाई, लाइट नाही, मशिनं दोनच, म्हणून खचू नका. पहिले दोन महिने मशीन उघडूच नका असंच मी सांगणार होतो.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी 'सीएस अनप्लग्ड' नावाचे खेळ तयार केलेत. कॉम्प्युटर न वापरता कॉम्प्युटर शिकवायचा. आपल्याकडं एसीएम इंडिया या कॉम्प्युटरवाल्यांच्या संस्थेचा 'सीएस पाठशाला' हा उपक्रम २०१६ पासून याच वाटेनं चाललाय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही कोडिंग सहावीपासून पुढं घातलंय. म्हणजे तुमच्या पोरांना कोडिंग येत नाही म्हणून ती मागं पडली असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

पत्त्यांचा खेळ सांगतो. लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरा. पाच पत्ते करा, त्यांवर टिकल्या चिकटवा, १, २, ४, ८, १६. मागची बाजू कोरीच ठेवा. पाच पोरं ओळीत उभी करा. तुमच्या डावीकडून १६, ८, ४, २ आणि शेवटी १. आता म्हणा, "मला अकरा टिकल्या दाखवा." कुणी पत्ता दाखवायचा, कुणी लपवायचा, हे पोरांनीच ठरवायचं. ८, २ आणि १ वाल्यांनी दाखवला की झाले अकरा. दाखवलेल्याला १, लपवलेल्याला ० म्हटलं की ०१०११. कॉम्प्युटर आकडे असेच ठेवतो. पाच पोरांत ० पासून ३१ पर्यंत सगळे आकडे बसतात. ३२ मागून बघा, सहावं पोर आपणहून उठून उभं राहील.

दुसरा खेळ अंगणातला. खडूनं घरं आखा, एक पोर यंत्र होणार, दुसरं हुकूम देणार. यंत्रानं सांगितलं तेवढंच करायचं, मनानं काही नाही. १९६७ मध्ये सिमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' भाषा काढली, पुढं तिच्यातलं कासव जगभर गाजलं. तेही हेच, पुढं जा, वळ, परत कर.

---

येळ्ळूरचा बाप

सगळं बरोबर आहे, पण खरं बोलू का. इंग्रजी आल्याशिवाय ह्या सगळ्याचा काय उपयोग ओ? उद्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मराठीतून कोण विचारणार आहे? आमच्या पोरांना आधीच तीन भाषांचं ओझं. त्यात कॉम्प्युटर मराठीतून शिकवून अजून मागं पाडू नका. मनातलं लिहिलं, राग मानू नका बाई.

---

शहापूर डीटीपी

येळ्ळूरच्या पाव्हण्यांना उत्तर देतो, आणि बाईंनाही. माझं सगळं आयुष्य याच कामात गेलंय. शहापुरात माझं टायपिंगचं दुकान. १९९६ पासून लग्नपत्रिका, भजनी मंडळाचे फलक, बिलबुकं, कोर्टाचे अर्ज. सकाळी मराठी, दुपारी कन्नड, मध्येच इंग्रजी. बेळगावात दुकान चालवायचं तर दुसरा इलाज नाही.

आधी प्रत्येक भाषेचा फॉन्ट वेगळा, पाटी (कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी) वेगळी. एका मशिनवर केलेली पत्रिका दुसऱ्या मशिनवर उघडली की नवरीच्या नावाच्या जागी कंस आणि टिंबं. युनिकोड आलं, म्हणजे सगळ्या मशिनांत अक्षरं साठवायची एकच पद्धत, आणि त्या त्रासातून सुटलो. त्याच काळात एका गिऱ्हाइकानं, तो सरकारी खात्यातला होता, मला इनस्क्रिप्ट पाटी दाखवली. चाळिशीला आलो होतो. नवीन बोटं कुठून आणू असं वाटलं. पण तीन आठवड्यांत बसली.

बाई, सीमेवरच्या पोरांसाठी ही पाटी म्हणजे सोनं आहे. का ते सांगतो.

इनस्क्रिप्ट आपल्या देशातल्या बहुतेक लिप्यांची एकच मांडणी आहे, १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातली. इंग्रजी 'के'च्या बटणावर मराठीत क, कन्नडमध्येही क. 'सी'वर म, 'एन'वर ल. आता मशिनवर मराठी निवडा आणि के, सी, एन ही तीन बटणं दाबा. 'कमल' उमटतं. भाषा बदलून कन्नड घ्या, तीच तीन बटणं, त्याच क्रमानं. कन्नड लिपीत कमल. 'व्ही, आय, जे' दाबा, दोन्हीकडं 'नगर'. बोटांनी एकदा मराठी शिकली की कन्नड अर्धीअधिक शिकून झालेली असते.

आणि मांडणी आपल्या मुळाक्षरांवर आहे. उजव्या हाताची मधली ओळ प, र, क, त, च, ट. 'परकतचट' म्हणून पाठ होते. क वर शिफ्ट धरला की ख, त चा थ, प चा फ, च चा छ, ट चा ठ. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांटी. पाचवीतलं पोर बाराखडी शिकलेलंच असतं, त्याला हे तासाभरात समजतं. विंडोजमध्ये भाषा वाढवताना मराठी घेतली की जी मुख्य पाटी येते ती हीच. वेगळं काही विकत घ्यायला नको, नेट नसलं तरी चालतं. बटणांवर पांढऱ्या कागदाची अक्षरं चिकटवा, वरून पारदर्शक टेप लावा.

पाव्हणं, इंग्रजी शिकूच दे की पोरांना. माझ्या दुकानात इंग्रजी टाइप करणारे ढिगानं येतात कामाला. ज्याला तिन्ही नीट येतं असा एक पोरगा मी दोन वर्षं शोधतोय.

---

चिकोडीचे मेष्ट्रु

मी कन्नड शाळेत शिकवतो. माझे मराठी थोडे चुकेल, क्षमा असावी. घरी आईची बोली मराठी.

डीटीपीवाल्यांचे बरोबर, पण एक सांगतो. कर्नाटकात सरकारी कामात 'नुडी' हे कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअर जास्त चालते. त्याची पाटी वेगळी, के. पी. राव यांच्या मांडणीवरची. नोकरीच्या टायपिंगला मूल गेले तर नुडी लागेल. आणि कन्नडमध्ये ए आणि ओ दोन दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठीत तो फरक लिहीत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व ए ची मात्रा 'झेड'वर आहे. 'शाले' (शाळा) लिहिताना मराठी मुलाची हमखास चूक होते, मात्रा लांब पडते. तेवढे वेगळे शिकवा.

---

शहापूर डीटीपी

मेष्ट्रु, दोन्ही मुद्दे मान्य. नुडी मी रोज वापरतो. पण नुडी मोठेपणी शिकता येते. बाईंच्या पोरांकडं आज मराठी घट्ट आहे आणि कन्नड कच्चं. त्यांना घट्ट असलेल्यावरूनच पलीकडं न्यायला पाहिजे.

---

उचगावचा नातू

मधेच घुसतो. आमच्या आजोबांच्या शेताचा उतारा. 'भूमी' योजनेत २००० साली कर्नाटकातले उतारे कॉम्प्युटरवर चढायला लागले, तेव्हापासून उतारा कन्नडमध्ये छापून मिळतो. आजोबांचं नाव मारुती. उताऱ्यावर कन्नड पद्धतीनं शेवटची वेलांटी ऱ्हस्व. आधारवर इंग्रजीत टी नंतर एच. बँकेच्या पासबुकात एच नाही. माणूस एक, मशीनला दिसतात तीन. नुकसानभरपाईचे पैसे सात महिने अडकले. मी बारावीत होतो, कॉलेज बुडवून खेटे घालत होतो.

बाई, तुमच्या मुलांची सॅट्समधली (शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली) नावंही तपासा. आणि मुलांनाच तपासायला लावा. माणूस 'मारुती' आणि 'मारुति' एकच समजतो, मशीन अक्षर अक्षर ताडून बघतं. हे पाचवीत कळलं असतं तर मी पासबुक काढतानाच आजोबांचं नाव बघितलं असतं.

---

रानशाळा

सगळ्यांचे खूप आभार. रोज रात्री रेंज आली की वाचत होते. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आता सांगण्यासारखं काही झालं आहे.

आधी पत्ते. टिकल्यांऐवजी आम्ही चिंचोके चिकटवले, कारण टिकल्या पोरी कपाळाला लावून संपवत होत्या. तिसरीच्या एका मुलानं न सांगता शोधलं की प्रत्येक पत्ता शेजारच्याच्या दुप्पट आहे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरं एकमेकांना आपापलं वय शून्य-एकात सांगत होती. ०१००१ म्हणजे नऊ वर्षांचा.

मग यंत्राचा खेळ. पाऊस म्हणून अंगणाऐवजी वर्गात फरशीवरच घरं आखली. पहिल्याच दिवशी भांडण. हुकूम देणाऱ्यानं सांगितलं, "उजवीकडं." यंत्र झालेली मुलगी उजवीकडच्या घरात सरकली. तो ओरडला, "जा न्हवं, नुसतं वळ म्हटलो मी!" ती म्हणाली, "तू वळ म्हटलासच नाही." दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी काहीच बोलले नाही. शेवटी पोरांनीच ठरवलं, 'वळ' म्हणजे जागच्या जागी, 'सरक' म्हणजे एक घर पुढं, तिसरा शब्द चालणार नाही. फळ्याच्या कोपऱ्यात ते दोन शब्द लिहून ठेवले आहेत, अजून पुसू दिलेले नाहीत.

'परत कर' कसं शिकवावं ते मला सुचत नव्हतं. ते शेतात सुचलं. जुलैत आमच्याकडं रोप लावणी. निम्मी पोरं आईबरोबर शेतात असतात, हजेरी पडते, त्याची दरवर्षी चिंता. यंदा सोमवारी विचारलं, लावणी कशी करतात ते यंत्राला सांगा. एक जण म्हणाला, रोप लाव, रोप लाव, रोप लाव. दुसरा म्हणाला, मग तो एकाच जागी लावत बसेल, मागं सरकायला नको? मग लिहिलं: एक काडी लाव, शेजारी लाव, हाताच्या टप्प्यातली ओळ झाली की एक पाऊल मागं. हे किती वेळा? "बांध लागेपर्यंत," पाचवीची मुलगी म्हणाली. आणि लगेच तिनंच विचारलं, "बाई, पण मुठीतली रोपं संपली तर?" मग त्यासाठी वेगळी ओळ: मूठ रिकामी झाली तर हाक मार, नवी पेंडी घे. बंगळूरचे कडोलीकर, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते सांगा. पोरांनी त्याला 'बांधापर्यंतचा हुकूम' असं नाव ठेवलं आहे.

पावसाचा तक्ता हे सरांचं डोकं. सरळ कडेची बरणी अंगणात ठेवली. तळ खडबडीत होता म्हणून आधी थोडं पाणी ओतून पातळी सपाट केली आणि तिथून शून्य धरलं. बरणीची कड सरळ असली की ती रुंद आहे की अरुंद याचा फरक पडत नाही, उंची मोजली की तेवढे मिलिमीटर. रोज सकाळी प्रार्थनेआधी चौथी-पाचवीचा एक जण पट्टी लावतो, वहीत तारीख आणि आकडा. एका सकाळी बरणी भरून वाहत होती. त्या दिवशी काय लिहायचं? एकानं बरणीची पूर्ण उंची लिहिली, एक म्हणाला शून्य लिहू या, कारण मोजताच आलं नाही. खूप वेळ चर्चा झाली. शेवटी 'भरून गेली' असे शब्दच लिहिले. दिवसातून दोनदा मोजायचं तेव्हापासून ठरलं.

आता मशीन. पहिल्या आठवड्यात फक्त 'परकतचट'. पुठ्ठ्याचा कीबोर्ड प्रत्येकाला एक, २३ पुठ्ठे, त्यावर बोटं फिरवायची. लाइट असली की दोघं दोघं खऱ्या मशिनवर, प्रत्येकी दहा मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळात बघून. पहिल्यांदा कमल टाइप झालं आणि मी भाषा बदलून तेच पुन्हा दाबायला सांगितलं, तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, तेच बोट!"

श्रावण आल्यावर गणपतीचे वेध. 'गणपती' टाइप करायला घेतलं. मराठीत शेवटी दीर्घ वेलांटी. कन्नडच्या पुस्तकात बघून लिहायला गेले तर तिथं ऱ्हस्व. चार बटणं तीच, पाचवं वेगळं. उचगावचे दादा, मी तिथंच तुमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सात मुलं घरून आधारची झेरॉक्स घेऊन आली. दोघांच्या आईचं नाव सॅट्समध्ये आणि आधारवर वेगळं निघालं. एकाचं दुरुस्त झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे.

निपाणीच्या ताई, तुमच्या मुलाची गोष्ट नाव न घेता सांगितली. रागावून नाही. आम्ही नाटक केलं. एक जण आजी, एक जण नातू, एक जण बँकेचा साहेब. नातवानं मेसेज मोठ्यानं वाचायचा नाही, आधी मनात शेवटपर्यंत वाचायचा, मग फोन ठेवायचा, मग घरातल्यांना दाखवायचा. १९३० हा आकडा दारावर लिहिला आहे. त्याला सांगा, त्याच्यामुळं इथल्या २३ घरांत हे पोचलं.

---

निपाणीची आई

वाचून दाखवलं त्याला. काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी भाषा कशी घ्यायची ते विचारलं.

---

कडोलीकर (सध्या बेंगळूर)

बाई, आम्ही त्याला लूप म्हणतो, आणि मूठ रिकामी झाली तर, ती अट. पण 'बांधापर्यंतचा हुकूम'च राहू दे. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्यांपैकी कित्येक जण मुठीतली रोपं संपली तर काय, हे विचारायचं विसरतात.

पावसाचे आकडे मशिनवर चढवायला लिबरऑफिस कॅल्क वापरा, फुकट आहे आणि नेट लागत नाही. आधी चौकटीच्या वहीत हातानं स्तंभ काढून घ्या, मगच मशिनवर. 'भरून गेली' त्या दिवसाच्या चौकटीत शून्य टाकू नका. शब्द तसेच ठेवा. सरासरी काढताना मशीन तो दिवस सोडून देईल, शून्य टाकलं तर सरासरी खाली ओढेल. पोरांना दोन्ही करून फरक बघू दे.

---

येळ्ळूरचा बाप

बाई, मागं जे लिहिलं त्याबद्दल विचार करत होतो. माझ्या पोरीला काल 'के, सी, एन' दाबून दाखवलं. ती इंग्रजी शाळेत, कन्नडमध्ये नापास होता होता वाचलेली. तासभर हटली नाही मशिनसमोरून. इंग्रजी पाहिजे हे माझं मत कायम आहे. पण हेही पाहिजे.

---

शहापूर डीटीपी

बाई, जांभळ्या पडद्याचं बहुतेक वायरमुळं असेल, पडदा बिघडलेला नसावा. मागची वायर काढा, पिना वाकल्यात का बघा, दुसरी लावून बघा. न सुरू होणाऱ्या डब्याचा पॉवर सप्लाय गेला असेल, माझ्याकडं दोन जुने चालू पडून आहेत. येत्या शनिवारी तुमची सकाळची शाळा असेल ना? पहिल्या जांबोटी बसनं येतो. पुढं कसं यायचं तेवढं सांगा. बटणांना लावायचे स्टिकर मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरांचे छापून आणतो, एकाच बटणावर शेजारी शेजारी.

---

रानशाळा

या की काका! स्टॉपवर सर गाडी घेऊन उभे असतील. ओढ्याला पाणी जास्त असलं तर आदल्या रात्री इथंच लिहीन. स्टिकर चार मशिनांचे आणा. आणि 'जे'च्या बटणावर शिफ्टमधला दऱ्याखोऱ्यांतला ऱ विसरू नका, आमच्या अर्ध्या गावाच्या पत्त्यात तो आहे.